मराठीचा हात धरून स्पॅनिश

आपल्या गटांच्या बैठकीत बचत, कर्जाचे हप्ते, शेळ्या, शिलाई असे विषय असतातच. हल्ली त्यात एक नवा प्रश्न येतो. बारावी झालेल्या मुलीला परदेशी भाषा शिकायची आहे, पण शहरातल्या क्लासची फी आणि रोजचा एसटीचा खर्च परवडत नाही. मोबाइलवर फुकट शिकता येईल का? येईल. आज आपण स्पॅनिश भाषेचं उदाहरण घेऊन ते कसं, हे पाहू. ही भाषा स्पेनमध्ये आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सुमारे २० देशांत चालते.

खेड्यातल्या मुलांना हे जमेल का, अशी शंका नको. आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकाल? मुलांना रोबोटची ओढ, म्हणून बहुतेकांनी जपानी निवडली. पुढे २०२० मध्ये शहरातल्या एका जाणकाराने इंटरनेटवरून त्यांना विनामूल्य शिकवलं.

दुसरी भीती इंग्रजीची. 'आधी इंग्रजी पक्कं हवं, मग स्पॅनिश,' असं मुलींना सांगितलं जातं आणि त्या तिथेच थांबतात. खरं तर स्पॅनिशच्या बऱ्याच गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत.

उच्चार बघा. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. लिहिलेलं बहुतेक तसंच वाचायचं. 'ह'चं अक्षर मात्र मुकं असतं, म्हणून नमस्कारासाठीचा शब्द 'ओला'. आपल्या 'तू'ला स्पॅनिशमध्येही 'तू'च म्हणतात! मोठ्या माणसांना मान द्यायला आपल्या 'तुम्ही'सारखा 'उस्तेद' हा वेगळा शब्द आहे.

आता वाक्य. मला चहा आवडतो, हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल ते'. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडतो, 'ते' म्हणजे चहा. बटाटे अनेक असले की आपण 'आवडतात' म्हणतो. तिथेही 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं: 'मे गुस्तान लास पातातास'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं, आपल्याला नाही.

'पातातास' ओळखीचं वाटलं ना? बटाटा, पाव, चावी, पगार, बिजागरी हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणून तिकडे पावाला 'पान', चावीला 'यावे', बिजागरीला 'बिसाग्रा' म्हणतात. 'पगार' म्हणजे पैसे देणे.

अडखळायच्या जागाही आहेत. आपल्याकडे घोडा, मुलगा असे आकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी. तिथे आकारान्त शब्द बहुधा स्त्रीलिंगी: मुलगा 'निन्यो', मुलगी 'निन्या'. शिवाय आपल्या एका 'आहे'साठी तिथे दोन क्रियापदं आहेत. मी शिक्षिका आहे, इथे 'सोय' आणि मी घरी आहे, इथे 'एस्तोय'. हे पाठांतराने येत नाही, वापरून वापरून अंगवळणी पडतं.

आता साधनं. ड्युओलिंगो हे ॲप फुकट आहे. त्यात जाहिराती येतात आणि पैसे भरायची सूचना सारखी येते, ती नाकारायची. ड्रीमिंग स्पॅनिश या यूट्यूब वाहिनीवर शिक्षक चित्रं काढून, हातवारे करून फक्त स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगतात, त्यामुळे इंग्रजी लागत नाही. अगदी नवख्यांसाठीचे व्हिडिओ आधी बघावेत. थोडंफार इंग्रजी कळत असेल तर लँग्वेज ट्रान्सफरचे स्पॅनिशचे ९० श्राव्य पाठ पूर्ण मोफत आहेत. भाकऱ्या थापताना कानावर पडले तरी चालतील, मात्र प्रश्न आला की पाठ थांबवून उत्तर मोठ्याने द्यायचं. एखादा शब्द अडला तर गुगल ट्रान्सलेट मराठीतून स्पॅनिश करतं आणि उच्चारही ऐकवतं. लांब वाक्यांत ते चुकतं, तेव्हा वाक्य छोटं ठेवावं.

रोज २० मिनिटं पुरे, पण रोज. रविवारी दोन तास आणि बाकी दिवस सुट्टी, असं केलं की भाषा विसरते. एक वही करा: एका बाजूला स्पॅनिश शब्द, शेजारी देवनागरीत उच्चार, मग मराठी अर्थ. आणि एकटीने शिकू नका. दोघी-तिघींनी आठवड्यातून एकदा बसून एकमेकींशी बोलायचं. नाव, गाव, घरात कोण कोण, काय आवडतं, एवढं न बघता सांगता येणं हे पहिल्या टप्प्याचं ध्येय ठेवा.

एक सावधगिरी. ॲपमधला गुणांचा आकडा म्हणजे दाखला नव्हे. स्पॅनिशची जगभर मानली जाणारी परीक्षा 'डेले'. स्पेन सरकारच्या वतीने सेर्व्हांतेस संस्था ती घेते, तिचं केंद्र दिल्लीत आहे. ए-१ ही पहिली पायरी, सी-२ शेवटची. त्या परीक्षेला फी आहे, पण तयारी घरी होऊ शकते. पहिल्या पायरीवर नोकरी मिळत नाही. त्यासाठी बरंच पुढे जावं लागतं आणि त्याला महिने नाही, वर्षं लागतात. म्हणून 'पंधरा दिवसांत स्पॅनिश आणि परदेशात हमखास नोकरी' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याने सरकारी नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते.

सगळ्यात अवघड साधन मात्र आपल्याच घरात आहे. ते म्हणजे मोबाइल आणि निवांत वेळ. पुष्कळ घरांत फोन आधी मुलाच्या हातात जातो आणि मुलीच्या हातात दिसला की 'काय बघतेस?' असं विचारलं जातं. गटातल्या आयांनी हे ठरवलं तर बदलेल. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कोणाच्या घरी, किती वाजता, कोणाच्या फोनवर, एवढं वहीत लिहा. आणि मुली शिकायला बसल्या की आपणही शेजारी बसा. 'तू' तर आपल्याला आलंच आहे!