पहिला नकार

न्यू हेवन, 1961. येल विद्यापीठातली एक खोली. टेबलावरच्या यंत्राला ओळीनं 30 खटके: पहिला 15 व्होल्टचा, शेवटचा 450 चा. भिंतीपलीकडे खुर्चीला बांधलेला माणूस. त्याचं उत्तर चुकलं की खटका दाबायचा आणि दर चुकीला एक पायरी वर चढायचं. खटके दाबायला बसला होता 4 डॉलर मिळतील म्हणून आलेला साधा माणूस. 300 व्होल्टला पलीकडून भिंतीवर धडका बसल्या. त्याला घाम फुटला. त्यानं साहेबांकडे पाहिलं. करड्या कोटातले साहेब शांतपणे म्हणाले, “पुढे चालू ठेवा.” त्यानं पुढचा खटका दाबला.

शॉक खोटे होते, पलीकडचा माणूस पढवून बसवलेला होता. खटके दाबणाऱ्याला मात्र हे ठाऊक नव्हतं. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालला होता आणि आपण फक्त हुकूम पाळले, असं तो सांगत होता. साधी माणसं हुकमापायी कुठवर जातात, हे प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांना पाहायचं होतं. शेवटच्या खटक्यापर्यंत हजारात एखादाच जाईल, असा मनोविकारतज्ज्ञांचा अंदाज होता. गेले 40 पैकी 26!

जगानं हाच आकडा पाठ केला. खरी किल्ली पुढच्या एका प्रयोगात होती. त्यात खटके दाबणाऱ्याच्या जोडीला आणखी दोघं बसवले. ठरल्याप्रमाणे एक 150 व्होल्टला उठला, दुसरा 210 ला. आता शेवटपर्यंत गेले 40 पैकी फक्त चौघं. डोळ्यांदेखत कुणीतरी ‘नाही’ म्हणालं आणि हुकमाचा धाक उतरला.

वऱ्हाडातल्या पुसदनं हे 31 वर्षं आधी अनुभवलं होतं. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून इंग्रज सरकारचा जंगल कायदा उघडपणे मोडला. त्यांना अटक झाली. त्या गवताची किंमत ती काय! पण ते सगळ्यांसमोर कापलं होतं. पुढे वऱ्हाडभर सत्याग्रहींच्या तुकड्या जंगलात शिरल्या. न्यू हेवनचे ते दोघं नेमलेले होते. अणे यांना समोर तुरुंग दिसत होता.

‘वरून ऑर्डर आहे’ हे ऐकून मन कचरलं, तर गप्प बसू नका. मोठ्यानं ‘नाही’ म्हणा. शेजारचा बहुधा तेवढ्यासाठीच थांबलेला असतो.