पालघर–बोईसर परिसरातील डीएसएल इंटरनेट सेवा

डीएसएल, म्हणजेच डिजिटल सबस्क्रायबर लाइन, हे दूरध्वनीच्या तांब्याच्या तारांवरून इंटरनेट पुरवण्याचे तंत्रज्ञान आहे. पालघर जिल्ह्यातील पालघर, बोईसर आणि तारापूर या भागांत ही सेवा प्रामुख्याने भारत संचार निगम लिमिटेडच्या (बीएसएनएल) स्थिर दूरध्वनी जोडणीसोबत मिळत आली आहे. एखाद्या घरासाठी ही सेवा योग्य आहे की नाही, हे योजनेच्या पत्रकात छापलेल्या वेगापेक्षा त्या घरापासून दूरध्वनी केंद्रापर्यंतच्या तारेची लांबी आणि स्थिती यांवर अधिक अवलंबून असते. त्यामुळे एकाच गावातील, एकच योजना घेतलेल्या दोन घरांचा अनुभव पूर्णपणे भिन्न असू शकतो.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. ती डायल-अप पद्धतीची होती. इंटरनेट सुरू असताना दूरध्वनी वापरता येत नसे. १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएलचे कामकाज सुरू झाले आणि २००५ मध्ये या कंपनीने तांब्याच्या तारांवरील ब्रॉडबँड सेवा आणली. मुंबईतील दूरध्वनी सेवा त्या काळी महानगर टेलिफोन निगमकडे होती, तरी पालघर व बोईसर हे बीएसएनएलच्या क्षेत्रात येतात. येथील एसटीडी संकेतांक ०२५२५ आहे. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वे डहाणूपर्यंत पोहोचली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला.

‘ब्रॉडबँड’ या शब्दाचा सरकारी अर्थ काळानुसार बदलत गेला आहे. २००४ च्या धोरणात किमान वेग प्रतिसेकंद २५६ किलोबिट होता, २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट झाला आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. एकेकाळी ब्रॉडबँड म्हणून मिळालेली जुनी जोडणी आजच्या व्याख्येत बसेलच असे नाही.

कार्यपद्धती

मानवी आवाज वाहून नेण्यासाठी दूरध्वनीच्या तारेला सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचाच वारंवारता-पट्टा पुरतो. डीएसएल त्यावरील रिकामा पट्टा वापरते. एडीएसएल प्रकारात हा पट्टा सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, तर एडीएसएल-२ प्लसमध्ये २.२ मेगाहर्ट्झपर्यंत असतो. घरातील स्प्लिटर नावाची छोटी डबी आवाज आणि माहिती वेगळी करते, म्हणूनच संभाषण आणि इंटरनेट एकाच वेळी चालू शकतात. घरात समांतर जोडलेला दुसरा दूरध्वनी स्प्लिटरशिवाय असेल, तर इंटरनेट वारंवार तुटते. हा दोष पुष्कळदा बाहेरच्या लाइनवर ढकलला जातो.

उच्च वारंवारतेचे संकेत तांब्यातून जाताना झपाट्याने क्षीण होतात. एडीएसएल-२ प्लसची कागदावरील कमाल मर्यादा प्रतिसेकंद २४ मेगाबिट आहे, पण तिच्या जवळपासचा वेग केंद्रापासून साधारण दीड किलोमीटरच्या आतच मिळतो. पाच किलोमीटरच्या आसपास एक-दोन मेगाबिटही मोठी गोष्ट ठरते. हे अंतर नकाशावरचे सरळ अंतर नव्हे. केबल केंद्रातून रस्त्याच्या कडेच्या पिलरपर्यंत, तेथून डीपी बॉक्सपर्यंत (याचा विजेच्या डीपीशी संबंध नाही) आणि मग घरात येते. मधे रेल्वेमार्ग किंवा खाडी आल्यास वळसा पडून लांबी वाढते.

स्थानिक परिस्थिती

पालघर जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. केबलच्या सांध्यांत पाणी शिरले की तारेवरील गोंगाट वाढतो आणि मोडेम आपोआप वेग कमी करतो किंवा जोडणी सोडून देतो. सातपाटी, चिंचणी, तारापूर यांसारख्या किनारी गावांत खाऱ्या हवेमुळे उघडे सांधे लवकर गंजतात. बोईसर परिसरात रस्ते, जलवाहिन्या व इमारती यांची कामे होत असतात, आणि खोदकामात तुटलेली केबल नीट जोडली न गेल्यास दोष पुढे अनेक महिने रेंगाळतो. वळवाच्या पावसातील विजांमुळे तारेवर अचानक वाढणारा विद्युतदाब मोडेम जाळू शकतो. अशा वेळी मोडेमची वीजजोडणी तर काढावीच, पण दूरध्वनीची ताराही काढून ठेवावी लागते. ही दुसरी गोष्ट सहसा विसरली जाते.

देखभालीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे देशभरातील सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली सेवामुक्त झाले. जमिनीखालच्या जोड्यांची माहिती असलेले अनुभवी हात त्यात मोठ्या संख्येने कमी झाले.

योग्यता ठरवण्याचे निकष

नवी जोडणी घेण्यापूर्वी त्याच डीपी बॉक्सवरील शेजाऱ्यांचा जुलै-ऑगस्टमधील अनुभव विचारणे, हे कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक विश्वसनीय आहे. जोडणी आधीपासून असल्यास पाऊस पडून गेल्यावर दूरध्वनी उचलून ऐकावे. खरखर येत असेल तर इंटरनेटही अस्थिर राहणार. मोडेमच्या माहिती-पृष्ठावर दोन आकडे डेसिबलमध्ये दिसतात. क्षीणन जितके कमी तितके चांगले. ते ६० च्या पुढे असल्यास सेवा जवळजवळ निरुपयोगी असते. संकेत-गोंगाट अंतर मात्र जास्त हवे. ते ६ पेक्षा कमी असल्यास जोडणी टिकत नाही.

एडीएसएल विषम असते, म्हणजे अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानाने फार कमी, बहुधा १ मेगाबिटच्या आसपास असतो. वृत्तपत्र वाचणे, बँकेचे व्यवहार, साध्या दर्जाची चित्रफीत पाहणे यांना त्याने अडचण येत नाही. परंतु एखाद्या विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची २० मेगाबाइटची फाइल पाठवायची असेल, तर लाइन उत्तम असतानाही पावणेतीन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. त्याच वेळी घरात कोणी कार्यालयीन दृक्-श्राव्य बैठकीत असेल, तर दोन्ही कामे अडखळतात. परीक्षेची मुदत पाळायची असलेल्या घरासाठी हा निकष निर्णायक मानावा.

पर्याय

ऑप्टिकल फायबर घरापर्यंत पोहोचत असल्यास तीच निवडणे योग्य ठरते. काचेच्या तंतूतून प्रकाश जात असल्याने ओलावा, विजा आणि विद्युत-चुंबकीय गोंगाट यांचा परिणाम नगण्य असतो, आणि प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे २० किलोमीटरपर्यंत सेवा देता येते. मात्र खांबांवरून नेलेली फायबरही वाऱ्यात तुटते. फायबर न पोहोचलेल्या पाड्यांवर व विखुरलेल्या वस्त्यांत ४जी किंवा ५जी हा पर्याय उरतो. त्याचा वेग मनोऱ्यापासूनचे अंतर आणि संध्याकाळची गर्दी यांनुसार बदलतो.

तांब्याची एक बाजू मात्र भक्कम आहे. तांब्याच्या तारेवरील साध्या दूरध्वनीला केंद्रातूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा होतो, त्यामुळे घरातील वीज गेली तरी तो चालतो (मोडेम चालत नाही). मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी पालघरच्या किनारपट्टीवर वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा प्रसंगी ज्येष्ठ नागरिक किंवा रुग्ण असलेल्या घरात या गुणाला महत्त्व येते. फायबरवरील दूरध्वनीला घरच्या विजेवर चालणारे यंत्र लागते, म्हणून फायबर घेताना त्याला छोटा बॅटरी-पुरवठा जोडणे आवश्यक आहे.

एडीएसएलचे मोडेम फायबरच्या तंतूशी थेट जोडता येत नाही. घराजवळ फायबर येण्याची शक्यता असल्यास नवे एडीएसएल मोडेम विकत घेण्याऐवजी भाड्याने घेणे, आणि दीर्घ मुदतीची आगाऊ रक्कम भरण्याऐवजी मासिक योजना स्वीकारणे सोयीचे ठरते. जुना दूरध्वनी क्रमांक फायबरवर कायम राहील का, याची लेखी खात्री जुनी जोडणी बंद करण्यापूर्वीच करून घ्यावी लागते.