चहाचा स्वाद आणि मराठी शब्दसंपत्ती

भाषेची श्रीमंती मोजावयाची झाल्यास आपण बहुधा तिच्यातील ग्रंथांकडे पाहतो. परंतु जिभेला व नाकाला आलेला अनुभव ती किती नेमकेपणाने सांगू शकते, हीही एक कसोटीच होय. आणि ती शाळेतील मुलांपुढे रोज उभी असते. आमचे हुमनाबाद सीमेवरचे गाव. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात असलेला आमचा बीदर जिल्हा त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरास म्हैसूर राज्यात आला. येथे मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. अशा ठिकाणी मुलांना एखादा पदार्थ कसा लागला असे विचारले, की तिन्ही भाषांतील मुले 'मस्त' एवढ्या एकाच शब्दावर थांबतात. शब्द नाहीत म्हणून ती थांबतात, की आम्ही ते त्यांना दिले नाहीत म्हणून? हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस सलत होता. त्याचे उत्तर आम्हांस चहाच्या पेल्यात सापडले, ते येथे मांडीत आहोत.

एका माजी विद्यार्थ्याने आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरी येथील सुट्या पानांच्या चहाच्या तीन पुड्या आणून दिल्या. हे तिन्ही चहा एकाच जातीच्या झाडाचे. आसामचे झाड रुंद पानाचे व सखल, दमट प्रदेशात वाढणारे; दार्जिलिंगचे बहुतांशी चिनी वाणाचे, लहान पानाचे व डोंगरउतारावरचे. पाने खुडून ती कोमेजू देतात, मग वळतात, हवेत ठेवून त्यांचा रंग पालटू देतात आणि शेवटी उष्णतेने वाळवतात. रंग पालटण्याची ही क्रिया आरंभीच उष्णता देऊन थांबविली म्हणजे हिरवा चहा, अर्धवट होऊ दिली म्हणजे ऊलाँग आणि पुरी होऊ दिली म्हणजे काळा चहा. आपण रोज दुधात उकळतो तो दाणेदार चहा मात्र यंत्राने पाने चिरडून, फाडून व गोळा करून केलेला असतो. ही रीत आसामात १९३० नंतरच्या दशकात रूढ झाली. त्याचा अर्क झटपट व गडद उतरतो, परंतु पानाचे बारीक गुण त्यात पुष्कळसे लोपतात.

चहा पारखण्याची रीत ठरलेली आहे. १९८० च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा घ्यावा आणि तो ६ मिनिटे झाकून ठेवावा. पारखी पुरुष तो चमच्याने मोठ्याने ओढून घेतो, तोंडभर फिरवितो आणि थुंकून टाकतो. या ओढण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो म्हणजे भुरका. मुलांनी भुरका मारला की आपण त्यांस दटावतो. पण चहाच्या पारखीत तीच विद्या ठरते. भुरक्याबरोबर हवा आत जाते, द्रवाचे तुषार तोंडभर पसरतात आणि वास घशामागून नाकापर्यंत चढतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातील मोठा भाग हा असा नाकाचा असतो. पडशाने नाक बंद झाले की जेवण बेचव लागते, ते याचमुळे.

येथे आम्हांस पहिली गोष्ट उमगली. मराठी गृहिणी 'चवीपुरते मीठ' म्हणते आणि 'स्वादाला वेलदोडा' म्हणते. मीठ केवळ जिभेला कळते, म्हणून ती चव. वेलदोडा नाकालाही कळतो, म्हणून तो स्वाद. शास्त्रज्ञ ज्या भेदासाठी दोन संज्ञा योजतात, तो भेद आमच्या स्वयंपाकघरात अबोलपणे पाळला जात होता. हल्ली पाकिटांवर 'स्वादानुसार मीठ' असे छापलेले आढळते. ते हिंदीचे जसेच्या तसे रूप आहे, आणि त्याबरोबर एक सूक्ष्म विवेक आपल्या हातून निसटतो आहे.

आता एक चूक कबूल केली पाहिजे. इंग्रजी पारख्यांचे शब्द घेऊन त्यांना संस्कृत प्रतिशब्दांची एक यादी आम्ही पूर्वी केली होती. 'ब्रिस्क'ला आम्ही 'क्षिप्र' म्हटले आणि 'बॉडी'ला 'देह'. ती यादी शिक्षकांपुढे वाचली तेव्हा 'देहयुक्त चहा' या शब्दावर सर्वजण हसले, आणि त्यांचे हसणे योग्यच होते. या वेळी आम्ही यादी बाजूस ठेवली. तीन पेले मांडले, दूध-साखर वर्ज्य केली आणि प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेत बोलावे एवढेच सांगितले.

आसामचा चहा घेताच आमचे शाळेतील सेवक म्हणाले, "सर, हा तोंड भरतो, पण लाह्या भाजल्यागत वास येतो." इंग्रजी पारखी या चहाला मोड आलेल्या सातूची उपमा देतो. आमच्याकडे सातू कोण भाजतो? ज्वारीच्या लाह्या मात्र सर्वांच्या परिचयाच्या. 'भरीव' आणि 'खरपूस' हे दोन शब्द तेथेच निश्चित झाले. निलगिरीचा चहा हलका, स्वच्छ आणि सुवासिक निघाला. त्यास कोणी 'तरतरीत' म्हटले. आमचा 'क्षिप्र' ज्या अर्थाला शोधीत होता, तो अर्थ हा शब्द सहज सांगून गेला.

दार्जिलिंगच्या उन्हाळी तोडणीच्या चहाला जगभर एका सुवासिक द्राक्षाची उपमा देतात. आमच्या मंडळींना मनुका आठवल्या. या स्वादामागे एक गंमत आहे. तुडतुड्यांनी कोवळ्या पानांतील रस शोषला, की झाड प्रतिकारासाठी काही सुगंधी द्रव्ये निर्माण करते आणि त्यांतून हा स्वाद खुलतो. ज्या किडीच्या नावाने आमचा शेतकरी बोटे मोडतो, तीच तेथे मळेवाल्याच्या पथ्यावर पडते.

तिन्ही पेल्यांत कमीअधिक प्रमाणात एक गुण समान होता, तो तुरटपणाचा. आमचे कन्नड शिक्षक त्यास 'ओगरु' म्हणाले, उर्दू शिक्षक 'कसैला'. 'कसैला' हा 'कषाय'पासून आला. आपला 'तुरट' संस्कृत 'तुवर' शब्दाशी जोडला जातो, आणि आमच्या भागात कोसन्‌कोस पिकणाऱ्या तुरीचे संस्कृत नावही 'तुवरी' असेच आहे. तुरटपणा हा खरे पाहता जिभेचा स्पर्शानुभव आहे. चहातील कषाय द्रव्ये लाळेतील प्रथिनांना बांधून टाकतात, त्यामुळे जीभ कोरडी व आखडल्यासारखी वाटते. दुधातील प्रथिने तेच काम पेल्यातच उरकतात, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. कषाय रसाने जीभ जड होते व घसा आवळतो, हे चरकसंहितेने नोंदविलेच आहे. त्याच ग्रंथात प्रारंभी स्पष्ट जाणवतो तो रस आणि मागाहून अस्फुट जाणवतो तो 'अनुरस' असा भेद केला आहे. चहाचा घोट गेल्यावर तोंडात रेंगाळणाऱ्या गोडसरपणासाठी याहून चांगला शब्द आम्हांस सुचत नाही. मात्र शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी : संस्कृतातील 'कटु' म्हणजे आपले तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपले कडू, येथे विद्यार्थी हमखास फसतात.

दोषांच्या बाबतीत तर मराठी अधिकच समृद्ध ठरली. ओल लागलेला चहा कुबट, जास्त आच लागलेला करपट, धुरात सापडलेला धुरकट, कमी पत्तीचा पाणचट, उतरून गेलेला मिळमिळीत. शिवाय एकेका रसाच्या पायऱ्या आहेत : कडसर, कडवट, कडू, कडूजहर. यातील एकही शब्द आम्ही घडविला नाही. ते सारे त्या मेजाभोवतीच्या माणसांच्या तोंडी होते. कोणी विचारले नव्हते, इतकेच.

पुढे हाच प्रयोग आम्ही आठवीच्या वर्गात केला. चहाऐवजी आवळा, कोवळी काकडी, भाजलेले शेंगदाणे आणि जुना गूळ घेतला. अट एकच : 'मस्त' आणि 'छान' हे शब्द वर्ज्य. पहिली पाच मिनिटे वर्ग मुका होता. मग एका मुलीने आवळ्याविषयी लिहिले, की तो आधी आंबट, मग तुरट आणि पाणी प्यायल्यावर गोड लागतो. अनुरस हा शब्द तिला ठाऊक नव्हता. ती वस्तू मात्र तिने अचूक पकडली होती. तो शब्द त्या दिवशी आम्ही फळ्यावर लिहिला.

परिभाषा घडविणाऱ्या विद्वानांचे ऋण आम्ही मानतो. तथापि कोश उघडण्यापूर्वी स्वयंपाकघरात, शेतात आणि शेजारच्या भाषेत एकदा डोकावावे, एवढीच शिक्षकबंधूंना व भगिनींना आमची विनंती. सीमेवर भाषा टिकविण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ बोलतो. आपल्या तोंडातली चव आपल्या शब्दांत सांगता येणारे मूल त्या कामाला अधिक उपयोगी पडेल, असा आमचा अनुभव आहे.