पहिल्या गोळीआधी

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये पावसाळ्यात कुणाला ताप आला की दोन-तीन दिवसांत घरात एक कागद येतो. त्यावर ‘विडाल पॉझिटिव्ह’ असं छापलेलं असतं आणि तेवढ्यावरून टायफॉइड झाला हे घरात पक्कं होतं. मी इथल्याच चांदीबाई कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकले, आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर काम करते. मी डॉक्टर नाही, औषध सांगणं माझं काम नाही. पण तो कागद घेऊन शेजारपाजारचे माझ्याकडे येतात, आणि त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

विडाल चाचणी १८९६ सालची. टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, शरीरात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ही चाचणी ती प्रतिपिंडं मोजते, जंतू शोधत नाही. प्रतिपिंडं वाढायला साधारण आठवडा लागतो, म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल फारसं काही सांगू शकत नाही. उलट आपल्यासारख्या भागात, जिथे हा आजार कायम घुटमळत असतो, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही जुनी प्रतिपिंडं असतात. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, तरी १:८० किंवा १:१६० असा आकडा येऊ शकतो. मग डेंग्यूचा किंवा साध्या विषाणूचा ताप टायफॉइड म्हणून गणला जातो आणि माणूस चौदा दिवस नको ती अँटिबायोटिक खातो.

खरी चाचणी ब्लड कल्चरची. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त थेट कल्चरच्या बाटलीत घालायचं आणि बाटली ३७ अंशांवर ठेवायची. आत जंतू असेल तर तो वाढतो. वाढला की बाटलीतलं थोडं मॅककाँकी अगारच्या प्लेटवर ओढायचं. निक्रोमची तार बर्नरवर लालभडक करायची, गार होऊ द्यायची, मगच प्लेटला लावायची. घाई करून गरम तार टेकवली तर जंतू तिथेच मरतो आणि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी निघते. ई. कोलाय असेल तर सकाळी गुलाबी ठिपके दिसतात, कारण तो लॅक्टोज आंबवतो. टायफॉइडचा जंतू लॅक्टोजला हात लावत नाही, त्याचे ठिपके बिनरंगी. मग ओळख पक्की करणाऱ्या चाचण्या, आणि शेवटी वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवलेली प्लेट. ज्या चकतीभोवती जंतू वाढू शकत नाही तिथे स्वच्छ वर्तुळ उमटतं. ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. या सगळ्याला तीन-चार दिवस जातात. कॉलेजात आमच्या बाईंनी आम्हाला पहिल्या वर्षापासून हेच शिकवलं: जंतू त्याच्या वेळेने वाढतो, तुमच्या जर्नलच्या तारखेने नाही. या विषयाचा निम्मा अभ्यास म्हणजे थांबायला शिकणं, असं मला आजही वाटतं.

कल्चरही चुकत नाही असं नाही. टायफॉइडच्या दहा रोग्यांपैकी साधारण सहा जणांच्याच रक्तात जंतू हाती लागतो. आणि रक्त घ्यायच्या आधी अँटिबायोटिकची गोळी पोटात गेली असेल तर ही संधी आणखी कमी होते. आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांबाबत मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं. चार दिवस तीन वेगवेगळ्या गोळ्या खाऊन झाल्यावर, काहीच गुण नाही म्हणून कल्चर पाठवलेलं असतं.

एवढा आग्रह कशासाठी, ते आमच्या मजल्यावरच्या अम्मांमुळे मला नीट सांगता येतं. अम्मा मूळच्या सिंधमधल्या हैदराबादच्या. फाळणीनंतर लहानपणी इथल्या लष्करी बराकीत आल्या. तेव्हा हा कल्याण कॅम्प होता, उल्हासनगर हे नाव १९४९ साली मिळालं. बराकीत त्यांचा धाकटा भाऊ मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉइडनेच, गेला. क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड बरा होतो हे १९४८ मध्ये सिद्ध झालं होतं, पण ते औषध त्या बराकीपर्यंत पोहोचलं नाही. पुढे ते सगळीकडे पोहोचलं, आणि १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्याला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. मग अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल निकामी होत गेली. सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर आपण भरवसा ठेवला, तोही गेला. २०१६ च्या अखेरीस सिंधमधल्या हैदराबादेत असा टायफॉइड पसरू लागला की ही सगळी औषधं आणि वर सेफ्ट्रायॅक्सोनही त्याच्यावर चालेना. जंतू एकमेकांना प्रतिकाराची जनुकं देतात; त्या जंतूने त्यातली काही प्लास्मिडच्या, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्याच्या, रूपाने दुसऱ्या जंतूकडून उचलली होती. तोंडावाटे घ्यायचं एकच भरवशाचं औषध उरलं, अझिथ्रोमायसिन. त्याखेरीज शिरेतून द्यायची महागडी कार्बापेनेम.

हे मी अम्मांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बेटी, हमारे हैदराबाद में?”

अझिथ्रोमायसिन आपल्याकडे सर्दी-खोकल्यालाही घेतलं जातं. मेडिकलवाल्याकडे ‘तीन दिवसवाली गोळी’ म्हणून मागितलं की बहुतेक वेळा मिळतं. सिंधमध्ये जे औषध शेवटचं म्हणून उरलं, ते आपण नाक वाहतं म्हणून संपवतो आहोत. मला हा प्रश्न कुठल्याही परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

मुळात टायफॉइड माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून माणसात येतो. दुसऱ्या कुठल्या प्राण्यात तो राहत नाही. म्हणजे पाणी सांभाळलं तर तो थांबवता येतो. उल्हासनगरला एमआयडीसीचं पाणी येतं, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन. पण पाणी ठरावीक वेळच येतं. ते बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि गटाराशेजारून गेलेल्या पाइपाचा सांधा सैल असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून नळ सुरू झाल्यावर पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये. घरच्या नळाला क्लोरीन उरलंय का, हे ओटी चाचणीने मिनिटभरात कळतं: पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे. शंका आली तर पाणी उकळून प्यावं.

लसही आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस द्यायला सुरुवात केली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस देणारी ती जगातली पहिली मोहीम होती, आणि पहिल्या टप्प्यातच एक लाखाहून जास्त मुलांना लस मिळाली. पुढच्याच वर्षी पाकिस्तानने ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली, सुरुवात सिंधपासून. नवी मुंबई आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलांनाही अशी मोहीम मिळायला हवी, आणि ती मागणं आपलं काम आहे.

तोवर एवढं करा. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला आणि डॉक्टर टायफॉइडची शंका घेत असतील, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी त्यांना विचारा, “डॉक्टर, ब्लड कल्चर पाठवायचं का?” मात्र रोगी गुंगीत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा पोट खूप दुखत असेल, तर कशाचीही वाट न बघता त्याला हॉस्पिटलात न्या, रक्त तिथेही घेता येतं.