टायर वाटेवर, हिशेब पडद्यावर

राजधानीत वाराणसीचे नाव निघते ते बहुधा मतदारसंघ म्हणून. २०१४ पासून पंतप्रधान लोकसभेत या शहराचे प्रतिनिधित्व करीत आहेत, आणि या काळात शहराभोवती झालेल्या रस्त्यांची व पुलांची चर्चा सभागृहात आणि सभागृहाबाहेर पुष्कळ झाली. रस्ते वाढले की मालमोटारी वाढतात आणि मालमोटारी वाढल्या की झिजलेल्या टायरांचे ढीगही वाढतात, या साध्या गोष्टीकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते. नागपूरकडच्या मंडळींना हे शहर आणखी एका नात्याने ठाऊक असेल. महामार्गांचे क्रमांक बदलण्यापूर्वी वाराणसीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर करीत थेट कन्याकुमारीला पोहोचत असे. कोलकात्याहून दिल्लीकडे जाणारा ग्रँड ट्रंक रस्ताही याच शहराला लागून जातो. या वाटांवर धावणाऱ्या मोटारींचे टायर इथल्या दुकानांत बदलले जातात, जमेल तेवढ्या वेळा त्यांवर नवे रबर चढवले जाते आणि अखेर ते भंगारात पडतात.

त्यानंतर त्यांचे काय होते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. थोडे टायर घाटांवरच्या नावांना धक्क्यापासून वाचविण्यासाठी लटकतात. काही दुकानामागे पडून राहतात आणि पावसाळ्यात त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास पोसले जातात. पण मोठा साठा कबाड्याच्या हाती जातो. तिथून त्याला चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही वाटा फुटतात. टायराचा भुगा करून तो डांबरात मिसळता येतो, रबर पुन्हा वापरण्याजोगे करता येते. बंद भट्टीत प्राणवायूविना तापवून तेल, काजळी आणि पोलादी तार वेगळी काढता येते. या पद्धतीला पायरोलिसिस म्हणतात. आणि सर्वांत स्वस्त वाट म्हणजे सरळ जाळणे. वीटभट्ट्यांत टायर जाळण्यास केंद्राने फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने मनाई केली. हवेचा दर्जा राखू न शकलेल्या शहरांच्या राष्ट्रीय यादीत वाराणसीचा समावेश आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या मनाईचे स्थानिक महत्त्व कळते.

टायर योग्य वाटेने गेला की नाही हे ओळखण्याची सरकारची जुनी युक्ती कागदी होती. घातक व इतर कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम वापरून टाकलेल्या टायराला ‘इतर कचरा’ या वर्गात धरतात. अशा कचऱ्याची वाहतूक नमुना क्रमांक १० भरून करायची. या नमुन्याच्या प्रती सात आणि प्रत्येकीचा रंग निराळा. माल पाठवणाऱ्याने पांढरी प्रत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे धाडायची, पिवळी स्वतःजवळ ठेवायची. उरलेल्या पाच मोटारीबरोबर जायच्या. माल घेणाऱ्याने गुलाबी ठेवायची, नारिंगी वाहतूकदाराला द्यायची, हिरवी मंडळाकडे व निळी पाठवणाऱ्याकडे परत करायची. माल परराज्यातून आला असेल तर राखाडी प्रत त्या राज्याच्या मंडळाकडे. म्हणजे वाराणसीचा माल परराज्यात गेला तर तो पोहोचल्याची खूण राखाडी कागदाच्या रूपाने लखनौच्या मंडळाला मिळावी, अशी ही रचना.

कल्पना वाईट नव्हती. पांढरा कागद आला आणि त्याच्या जोडीचा हिरवा किंवा राखाडी आला नाही, तर मधल्या वाटेत माल कुठेतरी उतरला असा निष्कर्ष निघत होता. मात्र तो काढण्यासाठी कुणीतरी दोन फायली शेजारी ठेवून वाचणे आवश्यक होते, आणि आपल्या कार्यालयांत फाइल उघडण्यापेक्षा ती बांधून ठेवण्याची परंपरा अधिक जुनी आहे. शिवाय सात प्रती भरणार कोण? भंगार टायर विकणाऱ्या कबाड्याजवळ असते ती धर्मकाट्याची पावती, आणि फार तर एखादे बिल.

२०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे हा विषय आला तेव्हा देशात दररोज सुमारे पावणेतीन लाख टायर टाकून दिले जातात, असा अंदाज मांडला गेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत १९ राज्यांतल्या ६३७ पायरोलिसिस कारखान्यांपैकी २५१ नियम पाळणारे निघाले, २७० न पाळणारे, आणि ११६ बंद. परवाना असलेल्यांची ही अवस्था. विनापरवान्यांची गणती पाहणीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

या पार्श्वभूमीवर २१ जुलै २०२२ रोजी २०१६ च्या नियमांत दुरुस्ती करून नववी अनुसूची जोडण्यात आली. टायर बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने त्याच्या विल्हेवाटीचीही जबाबदारी घ्यावी, हे तिचे सूत्र. २०२२-२३ मध्ये दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाच्या ३५ टक्के, पुढल्या वर्षी ७० आणि २०२४-२५ पासून १०० टक्के असे लक्ष्य ठरले. उत्पादक स्वतः भंगार गोळा करीत नाहीत. ते पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घेतात. नोंदणी, विवरणपत्रे, प्रमाणपत्रांची निर्मिती आणि त्यांची देवघेव हे सारे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर होते. पायरोलिसिससाठी भंगार टायरांची आयातही याच दुरुस्तीने निषिद्ध ठरली. सात रंगांच्या कागदांच्या मानाने हे मोठे पाऊल आहे यात शंका नाही. कोणत्या कंपनीने किती जबाबदारी पार पाडली हे आता पूर्व अर्जुननगरातल्या परिवेश भवनात बसून एका क्षणात सांगता येते.

पण ज्याला टायरांचा मागोवा म्हटले जाते तो यात कुठे आहे? जुना कागद, निदान नियमाच्या अक्षरात, मोटारीबरोबर फिरत होता. मालाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची सही त्यावर येत होती. नवी पद्धत कारखान्याच्या फाटकाशी सुरू होते. कारखान्यातून किती भुगा, किती तेल, किती काजळी निघाली यावरून एका ठराविक गुणकाने उलटा हिशेब मांडून प्रमाणपत्राचे वजन निघते. संकेतस्थळावर नोंदणी आहे ती उत्पादकाची, पुनर्प्रक्रिया करणाऱ्याची आणि रबर चढवून देणाऱ्याची. टायर प्रत्यक्ष गोळा करणाऱ्याला तिथे रकानाच नाही. वाराणसीच्या दुकानातून निघालेला टायर फाटकापर्यंत पोहोचेतो शासनाच्या दृष्टीने अस्तित्वात नसतो, आणि वाटेत एखाद्या भट्टीत गेला तर तो कधी अस्तित्वात नव्हताच.

हे तंत्रज्ञानाला अशक्य होते असे म्हणावे, तर उदाहरण वाराणसीच्या शेजारीच आहे. सोनभद्र आणि मिर्झापूरच्या खाणींतून खडी घेऊन निघणाऱ्या मोटारीला उत्तर प्रदेशाच्या खनिकर्म खात्याचा ‘ई-एमएम ११’ हा इलेक्ट्रॉनिक परवाना लागतो. त्यावर मोटारीचा क्रमांक असतो, परवान्याची मुदत असते. तिथेही गैरप्रकार होतात. पण खडी कुणाच्या मोटारीतून कुठे निघाली हे विचारण्याची सोय तरी आहे. तीच खडी वाहून झिजलेल्या टायराबाबत तसे विचारता येत नाही. वस्तू व सेवा कराचे ई-वे बिल २०१८ पासून लागू आहे, परंतु ते सामान्यतः ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला लागते. छोट्या टेम्पोतले भंगार त्या जाळीतून सहज निसटते.

वस्तूऐवजी प्रमाणपत्राचा मागोवा घेतला की काय घडू शकते, याचा अनुभव प्लॅस्टिकच्या बाबतीत आलेला आहे. तिथेही उत्पादकाची जबाबदारी, तिथेही संकेतस्थळ. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. प्रक्रिया न केलेल्या कचऱ्याची प्रमाणपत्रे संगणकावर व्यवस्थित नोंदलेली होती. ती पकडली गेली, कारण कुणीतरी कारखान्यात जाऊन यंत्रांची क्षमता पाहिली.

टायरांच्या बाबतीत चूक कागदावर राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात एका पायरोलिसिस कारखान्यात स्फोट होऊन दोन स्त्रिया आणि दोन मुले दगावली. तिथे युरोपातून आलेल्या टायरांवर प्रक्रिया चालत असल्याचे बीबीसीच्या वृत्तात म्हटले होते; त्यानंतर वाड्यातले सात कारखाने बंद करण्यात आले. त्याच सुमारास बीबीसीने प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तासाठी ब्रिटनमधून निघालेल्या टायरांत माग काढणारी उपकरणे लपवली गेली होती. तो माल भारतीय बंदरात उतरला आणि शेकडो मैल आत, एका खेड्याशेजारच्या काजळीने माखलेल्या कारखान्यापाशी जाऊन पोहोचला. आयातीवर निर्बंध आहेत, उत्पादकांसाठी संकेतस्थळ आहे; पण टायराचा खरा इलेक्ट्रॉनिक मागोवा कुणी घेतला असेल तर तो परदेशी पत्रकारांनी.

याची राजकीय बाजू संसदेशी जोडलेली आहे. नववी अनुसूची हा संसदेने संमत केलेला कायदा नव्हे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेली ती अधिसूचना आहे. त्या अधिनियमाच्या कलम २६ नुसार असे नियम दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावे लागतात. सदस्यांना त्यांत बदल सुचविण्याचा अधिकार आहे, परंतु पटलावर ठेवलेल्या कागदांची यादी वाचली जात असताना सभागृहात कोणती अवस्था असते हे राजधानीतल्या वाचकांना निराळे सांगायला नको. संसदेने प्रत्यक्ष जे बदलले ते शिक्षेचे कलम. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने, १ एप्रिल २०२४ पासून, या कायद्याच्या भंगाबद्दलची कारावासाची तरतूद जाऊन तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. कारावास उरला तो मुख्यतः दंड न भरणाऱ्यासाठी. उद्योगांवरची अनावश्यक टांगती तलवार काढावी हा हेतू समजण्याजोगा आहे. मात्र बनावट प्रमाणपत्रातून होणारी कमाई दंडापेक्षा मोठी ठरली, तर दंड हा धंद्यातला एक खर्च होऊन बसतो.

तपासणीचा भार राज्यांवर आहे. टायरांसाठीची नोंदणी केंद्रीय मंडळ करते, पण कारखान्याला संमतिपत्र देणे आणि तिथे जाऊन पाहणे हे राज्य मंडळाचे काम. देशभरातल्या राज्य मंडळांतली निम्म्याच्या आसपास मंजूर पदे रिक्त असल्याचे हरित न्यायाधिकरणापुढे आलेल्या आकड्यांवरून दिसले होते. केंद्राच्या पडद्यावर आकडा दिल्लीत उमटतो आणि त्याची खातरजमा करायची असते वाराणसीच्या प्रादेशिक कार्यालयातल्या अभियंत्याने. त्याच्या हद्दीत वीटभट्ट्या आहेत, गंगेत येणारे नाले आहेत, रामनगरचे औद्योगिक क्षेत्र आहे.

गोळा करणाऱ्यांची नोंदणी, मोटारीच्या क्रमांकासह इलेक्ट्रॉनिक पावती आणि धर्मकाट्यावरच्या वजनाशी तिची जोड, इतके केले तरी मधली वाट बरीचशी उजेडात येईल. त्याला संसदेचा नवा कायदा लागणार नाही. जशी नववी अनुसूची आली तशी एक अधिसूचना पुरेशी आहे. अडचण वेगळीच आहे. नोंदणी म्हणजे कर आणि कर म्हणजे जाच, अशी कबाड्याची समजूत अनुभवातून बनलेली आहे. त्याला रकाना हवा, पण त्या रकान्याबरोबर बेकायदा भट्टीवाला देतो त्यापेक्षा चार पैसे अधिक भावही हवा. उत्पादक प्रमाणपत्रासाठी मोजत असलेला पैसा आज पुनर्प्रक्रिया करणाऱ्याच्या फाटकापर्यंत येतो. तिथून तो टायर गोळा करणाऱ्याच्या दुकानापर्यंत किती झिरपतो, याचा रकाना संकेतस्थळावर अजून उघडलेला नाही.