महासंगणकाची गती: गणनेइतकीच माहितीची देवाणघेवाणही महत्त्वाची

चक्रीवादळाचा अंदाज वादळ किनाऱ्यावर धडकण्यापूर्वी हाती आला, तरच त्याचा उपयोग होतो. यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्का’ हा महासंगणक कार्यान्वित करण्यात आला. त्याची कमाल क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजेच सेकंदाला सुमारे ११ हजार ७७० लाख कोटी गणिती क्रिया इतकी आहे. मात्र अशा यंत्रणांची प्रत्यक्ष गती केवळ प्रोसेसरवर अवलंबून नसते.

महासंगणक हा वस्तुतः हजारो प्रोसेसर असलेल्या अनेक संगणकांचा समूह असतो. हवामानाचे गणित करताना नकाशाचे तुकडे पाडून ते या संगणकांना वाटून दिले जातात. प्रत्येक टप्प्यानंतर शेजारच्या तुकड्यांच्या सीमेवरील तापमान, वारा व आर्द्रतेचे आकडे परस्परांना कळवावे लागतात. एका संगणकाची माहिती उशिरा पोहोचली, तर इतरांनाही थांबावे लागते.

येथे दोन बाबी वेगळ्या समजून घेतल्या पाहिजेत: सेकंदाला किती माहिती वाहून नेता येते ती वहनक्षमता आणि पहिला अंश पोहोचण्यास लागणारा विलंब. जलवाहिनी रुंद केली म्हणून पहिला थेंब लवकर पोहोचतोच असे नाही.

विलंबाची कारणे

प्रचलित पद्धतीत माहितीची प्रत आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत होते व नंतर ती नेटवर्क कार्डाकडे जाते. दुसऱ्या टोकाला हाच क्रम उलटा घडतो. १० गिगाबिट वेगाच्या जोडणीवर १५०० बाइटची पॅकेट्स पाठविल्यास त्यांची संख्या सेकंदाला आठ लाखांवर जाते. त्यांची दखल घेण्यातच प्रोसेसरचा बराच वेळ खर्ची पडतो. पॅकेट ९००० बाइटचे केल्यास ही संख्या सुमारे एक लाख ३८ हजारांवर येते. परंतु लहान संदेशांना या उपायाचा फारसा लाभ होत नाही.

त्यावरील परिणामकारक उपाय म्हणजे दूरस्थ मेमरीशी थेट संपर्क. यात नेटवर्क कार्ड ऑपरेटिंग सिस्टिमला वगळून माहिती थेट दुसऱ्या संगणकाच्या मेमरीत लिहिते. इन्फिनिबँड तंत्रज्ञानात ही सोय आहे. त्यामुळे लहान संदेशांचा विलंब एक-दोन मायक्रोसेकंदांपर्यंत खाली येतो.

स्वदेशी प्रयत्न

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, अर्थात सी-डॅकने, या क्षेत्रात सातत्याने काम केले आहे. २००३ च्या ‘परम पद्म’साठी अडीच गिगाबिट वेगाचे ‘परमनेट-२’, तर २००८ च्या ‘परम युवा’साठी १० गिगाबिटचे ‘परमनेट-३’ विकसित करण्यात आले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत ‘त्रिनेत्र’ हे स्वदेशी नेटवर्क तयार करण्यात आले.

तथापि, उत्तम जोडणीला सुयोग्य प्रोग्रॅमची साथ लागते. लहान संदेश एकत्र करून पाठविणे आणि माहिती मार्गात असताना उर्वरित गणित चालू ठेवणे, या दोन गोष्टी साधल्या तरच महासंगणकाची कागदावरील क्षमता प्रत्यक्षात उतरू शकते.