वॉर्डातली १७० शुगर

विठ्ठलवाडीत कुणाला दाखल करायची वेळ आली की घरचे उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठतात, नाहीतर कल्याणचं रुक्मिणीबाई, किंवा जवळचं एखादं खासगी हॉस्पिटल. आजार न्यूमोनियाचा असो की पायाच्या जखमेचा, पेशंटला मधुमेह असला की दोन दिवसांत सगळ्यांचे डोळे शुगरच्या आकड्यावर खिळतात. ‘घरी १२० असायची, इथे १७० झाली. डॉक्टर करतात काय?’

१७० ठीक आहे. दाखल असलेल्या बहुतेक रुग्णांची शुगर १४० ते १८० दरम्यान ठेवावी, असंच आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. हा निष्कर्ष सहज निघालेला नाही. २००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या अभ्यासात आयसीयूतल्या रुग्णांची शुगर अगदी नॉर्मलला आणल्यावर मृत्यू घटलेले दिसले आणि अनेक देशांत तीच पद्धत उचलली गेली. २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने चित्र पालटलं. ज्यांची शुगर ८१ ते १०८ मध्ये आणायचा प्रयत्न झाला, त्यांतले २७.५ टक्के ९० दिवसांत दगावले. १८० पर्यंत मोकळीक दिलेल्यांतले २४.९ टक्के. शुगर फार खाली जाण्याचं प्रमाण तर ६.८ विरुद्ध ०.५ टक्के. अर्थात शुगर २५०-३०० वर रेंगाळत असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. अशाने जखमा चिघळतात, जंतुसंसर्ग आटोक्यात येत नाही.

‘शुगर कधीच नव्हती, इथेच लागली’ हेही सर्रास ऐकू येतं. मोठ्या आजारात शरीर ताणाची हार्मोन्स सोडतं आणि शुगर चढते. स्टिरॉइड सुरू असेल तर आणखी, विशेषतः दुपारनंतर. २०२१ च्या कोविड लाटेत चढलेली शुगर आणि स्टिरॉइड एकत्र आल्यावर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्रात काय केलं, ते आपण पाहिलंय. ही वाढ तात्पुरती की जुनाच मधुमेह आता उघडकीला आला, याचा अंदाज एचबीए१सी तपासणीतून येतो.

घरच्या गोळ्या पर्समधून काढून गुपचूप देणं मात्र खरोखर घातक. किडनी मंदावली असेल तर मेटफॉर्मिन त्रासदायक ठरू शकतं आणि ग्लिमेपिराइडने शुगर तासन्‌तास खाली राहू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी उपाशी पेशंटच्या रक्तात आम्ल साठू शकतं, तेही शुगर फारशी चढलेली नसताना. म्हणून त्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच थांबवतात. दाखल असेपर्यंत इन्सुलिन देतात कारण त्याचा डोस रोज, गरजेप्रमाणे बदलता येतो. ते जन्माला चिकटत नाही. बरेच जण घरी जाताना पुन्हा गोळ्यांवर येतात. टाइप १ चे रुग्ण वेगळे: जेवण बंद असलं तरी त्यांचं इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नसतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो डब्यापाशी. सिस्टर बोटाला टोचून शुगर बघतात, त्यावरून इन्सुलिन देतात आणि लगेच जेवण व्हायला हवं. पण अर्ध्या तासापूर्वीच कुणीतरी प्रेमाने मऊ भात भरवलेला असतो किंवा शहाळं पाजलेलं असतं. आकडा फुगलेला येतो, डोसही वाढतो. उलटही घडतं: इन्सुलिन दिलं, तेवढ्यात पेशंटला सोनोग्राफीला नेलं, डबा तसाच राहिला. तासाभरात घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुगर ७० च्या खाली गेल्याची ही लक्षणं. लगेच सिस्टरला हाक मारा. पेशंट शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. डबा उघडण्याआधी सिस्टरला विचारायला लाजू नका. कितीही गडबडीत असल्या तरी त्यांना ते हवंच असतं.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या धावपळीतही जुन्या गोळ्यांतल्या कुठल्या सुरू करायच्या आणि कुठल्या बंद, हे कागदावर लिहून घ्या. स्टिरॉइडचा डोस घरी उतरत जाणार असेल, तर इन्सुलिन कसं कमी करायचं तेही त्याच कागदावर हवं. नाहीतर चढलेल्या शुगरसाठी ठरवलेला डोस शुगर उतरल्यावरही चालू राहतो आणि पहाटे, सगळे झोपेत असताना, ती ७० च्या खाली जाते.